बाहेरची कडी

शारदे, मी निघाले त्या सकाळी तू भाकरी बांधत होतीस आणि आपले बाबा एकच घोकत होते, "शहरात दाराला बाहेरनं कडी असतीय. पयलांदा ती काढून टाक." मला हसू आलं. मी नर्स व्हायला चाललेय आणि यांचं आपलं कडीचंच चाललंय!

आपल्या सिद्दी वस्तीत बाहेर जाताना दाराला नुसती काठी आडवी लावतात, कडी कुणी बसवत नाही. गोव्यात पोर्तुगीज मालकाच्या बागायतीत आफ्रिकेतून आणलेल्या आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवत आणि दिवेलागणीला खोलीत कोंडून बाहेरून कडी घालत. एके दुपारी त्यांनी मालकालाच त्याच्या घरात कोंडलं आणि घाट चढून खानापूरच्या रानात शिरले. बाबा हे हसत सांगायचे, पण त्यांचा आवाज कापायचा.

पुढे नर्स झाले, संसार झाला, पण नवी मुंबईतला हा सीवूड्सचा फ्लॅट भाड्याचा, म्हणून कडी तशीच ठेवली. मागच्या रविवारी मी, माझा नवरा मोहन आणि पोरगी जेवत होतो, तेव्हा बाहेर कुजबुज झाली आणि कडी सरकल्याचा आवाज आला. आपला रंग आणि केस बघून सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, आफ्रिकेतले लोक चोरून राहतायत. मोहनने दार ओढलं, हललं नाही. पोरगी मला चिकटली.

मी आतून मराठीत विनवलं, आमी खानापूरचे, मी इथल्याच हॉस्पिटलात नर्स आहे.

"मराठी तर क्लीन बोलतेय," एक बाई म्हणाली. तरी दार कुणी उघडलं नाही. पोलीस येईपर्यंत आम्ही तिथेच, दाराला हात लावून उभे होतो. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

पोलिसांनी दार उघडून आधार कार्ड बघितलं आणि गेले. चेअरमन म्हणाले, "टेन्शन नका घेऊ मॅडम, सेफ्टीसाठी केलं." मोहन म्हणाला, सामान बांध, परत जाऊ. मलाही तेच वाटत होतं. पण मी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि सगळ्यांच्या देखत कडी खोलायला लागले.

"ओनरला विचारलं का?" चेअरमननी विचारलं.

"बाबांना विचारलंय," मी म्हटलं.

भीती गेलेली नाही. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की जेवता जेवता मी अजून दाराकडे बघते. तरी आता या जागेला मी घर म्हणते. तू विचारतेस, येऊ का? ये. येताना दाराला आडवी लावायला एक चांगली काठी आण, इथे तशी मिळत नाही.