वैलावरचा चहा

लेकीनं टेबलावर चहा गरम ठेवायची विजेची तबकडी आणली, आणि ती तापल्याच्या वासानं मला वाशी तालुक्यातल्या आमच्या गावची, दुष्काळातली पीककर्ज सोसायटीची कचेरी आठवली. आई तिथं झाडलोट करायची, लाकडं फोडायची. चेअरमनसाहेब येईस्तोवर त्यांचा चहा चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेवर, ठेवलेला असायचा. एकदा तापानं फणफणलेल्या माझ्या बहिणीसाठी आईनं दुधाची वाटी त्या चहाशेजारी ठेवली, तर शिपाई ओरडला, “शिवू नको, साहेबांचा चहा बाटंल!” आई म्हणाली, “ह्या चुलीची लाकडं म्याच फोडली की. तवा न्हाय बाटली?” त्यानं वाटी पायानं सारली. साहेब आलेच नाहीत. आटून काळा पडलेला चहा फेकून पातेलं घासायला शिपायानं आईलाच हाक मारली. आई गेली नि पातेलं घासून आली; माझा तो राग मात्र मी अजून निवू दिलेला नाही.