हातवाऱ्यांनी मोजलेले गरुड

पप्पांचे कान प्रेस शॉपने खाल्ले. उभं आयुष्य पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या दणक्यात गेलं आणि निवृत्तीनंतर समोरच्याचं बोलणंच ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात पडून राहिलं. लोक बोलायचे, हे नुसतं ‘हां, हां’ करायचे आणि मागाहून ओशाळायचे. मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. कासारवाडीच्या घरात दिवसभर खिडकीशी बसून असायचे. मला त्या गप्प बसण्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची.

पाऊस सरला की सुट्टीच्या दिवशी मी काही पक्षीमित्रांबरोबर निघोज्याच्या पलीकडे एका डोंगरावर शिकारी पक्षी मोजायला जाते. गरुड, भोवत्या, ससाणे थंडीसाठी उत्तरेकडून खाली येतात. पायथ्याच्या कंपन्यांच्या छपरांचे पत्रे तापले की गरम हवा वर चढते आणि पक्षी तिच्यावर फुकटात उंच जातात. कंपन्यांचा त्यांना एवढा तरी उपयोग.

‘‘ह्यांना पण घेऊन जा गं,’’ आई म्हणाली. ‘‘माणसं नकोत ना, मग पाखरं तरी बघू देत.’’

मोजणीला डोंगराच्या दोन्ही टोकांना माणसं लागतात. एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून या टोकाने त्या टोकाला कळवायचं असतं. वारा असा की ओरडलेलं पुढे जात नाही आणि फोनमध्ये मान घातली की पक्षी गेलाच. आम्ही हात हलवायचो, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पप्पांना पहिल्यांदा नेलं त्या दिवशी तर रोज उकिरड्यावर फिरणारी गावातलीच घार आम्ही पाहुणी समजून दोन्हीकडे मोजली.

पप्पा बराच वेळ बघत होते. मग उठले आणि त्यांनी माझा हात धरून खाली केला.

‘‘असं न्हाई,’’ ते जरा मोठ्यानेच म्हणाले. ‘‘आमच्या शॉपमधी कुणाला कुणाचं ऐकू यायचं न्हाई. सगळं हातावर.’’

मूठ वर, म्हणजे थांब. मूठ डोक्यावर, म्हणजे हे माझं झालं, तू हात लावू नको. त्यात त्यांनी पक्ष्यांची भर घातली. हात सरळ पसरले की गरुड. वर तिरके उचलले की भोवत्या, कारण तो तसेच पंख धरून तरंगतो. घार दिसली की नुसतं झटकून टाकायचं. सगळे तासाभरात शिकले आणि पुढच्या सुट्टीला पप्पांनी आपणहून पलीकडचं टोक घेतलं.

त्या दुपारी मी डबा उघडला होता. पलीकडे पप्पांनी हात सरळ पसरले. डोक्यावर मोठा गरुड होता, मी मोजलाही, पण डोक्यावर मूठ ठेवून तसं कळवायचं राहिलं. त्यांनी पुन्हा हात पसरले. मी लोणच्याचं झाकण काढत होते. मग मात्र ते भडकले. दोन बोटं डोळ्यांकडे नेली, कपाळावर हात मारला आणि शेजारच्या माणसाला माझ्याकडे बोट करून दाखवलं. तो बिचारा पोट धरून हसत होता.

गेल्या वर्षभरात पप्पा कुणावरही चिडले नव्हते. चिडायला समोरच्याकडून काहीतरी हवं असावं लागतं. माझे डोळे भरून आले. डबा बाजूला ठेवून मी उभी राहिले आणि त्यांचे हात थांबेपर्यंत सगळी बोलणी खाल्ली.