आवाज मारून विकलेलं चित्र

हिंजवडीतल्या एका कॅमेरेवाल्याने मला फसवलं. मीटिंगची यंत्रणा म्हणून त्याने मला नुसतं चित्र विकलं आणि माझा आवाज मारला.

निघोज्यात माझं प्रेस शॉप आहे, कंपन्यांना पत्र्याचे सुटे भाग ठोकून देतो. हेल्पर म्हणून लागलो, ऑपरेटर झालो, मग स्वतःची प्रेस घेतली, ते सगळं तोंडाच्या जोरावर. खरेदीच्या साहेबासमोर बसायचं, दर सांगायचा आणि गप्प राहायचं. समोरचा चुळबुळ करू लागला की सौदा जमला. पण आता मोठ्या कंपन्या समोर बसवतच नाहीत. दराची बोलणी व्हिडिओवर. म्हणून यंत्रणा घ्यायला गेलो.

त्याच्या ऑफिसात भिंतभर टीव्ही. आमच्या प्रेसवरचा एक ब्रॅकेट मी नमुना म्हणून नेला होता, तो त्याने कॅमेऱ्यासमोर धरला, तर पत्र्यावरचा ओरखडान् ओरखडा दिसला.

"आणि आवाज?"

"दादा, आवाज काय, साध्या फोनवरही येतो. छाप पडते ती चित्राची."

मी घासाघीस करून साध्या कॅमेऱ्याच्या दरात वरच्या प्रतीचा कॅमेरा काढून घेतला. "चित्र एक नंबर पाहिजे बरं का भाऊ," असं वर बजावलं आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

त्याच ब्रॅकेटच्या दराची बोलणी आली, व्हिडिओवर. भर दुपार, प्रेस चालू, आमच्या भागातलं नेट नेहमीसारखं मंद. वेळ पंधरा मिनिटं. पत्रा का महागला, आमचा एकही लॉट परत का आला नाही, दुसरीकडे गेलात तर काय भोगाल, सगळं सांगितलं. कंपनीची माणसं दोनदा म्हणाली, आवाज तुटतोय. मी प्रेसवर वाढलेला माणूस. ऐकू येत नाही म्हटलं की आम्ही ओरडतो. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. वेळ संपला, त्यांनी पुढचा सप्लायर आत घेतला.

खरेदीच्या मॅडमनी नंतर फोनवर सांगितलं, "अहो, हात आपटताना तुम्ही अगदी स्वच्छ दिसलात. का आपटताय तेच कळेना. आमच्या साहेबांना वाटलं, शिव्या देताय."

ब्रॅकेटचं काम गेलं. दोन प्रेस थांबल्या. चार ऑपरेटरांना मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मग आमच्या नेटवाल्याने यंत्रणा उघडून पाहिली. नेटची लाइन अपुरी पडली की चित्र आणि आवाज, दोहोंतल्या एकाचं पोट मारावं लागतं. चित्र धुरकट झालं तरी माणसं बोलत राहतात, आवाज तुटला की बोलणंच संपतं. म्हणून आवाजाचा वाटा आधी काढून ठेवायचा असतो. कॅमेरेवाल्याने उलटं केलेलं. चित्र वरच्या पातळीला कुलूपबंद, उरेल ते आवाजाला. एका सेटिंगचा खेळ.

तासभर ट्रॅफिकमध्ये तापत हिंजवडीला पोचलो.

"दादा, तुम्हीच म्हणालात, चित्र एक नंबर पाहिजे."

"म्हणालो! पण कॅमेऱ्याचा धंदा तुझा की माझा?"

"तुम्ही कुणाचं ऐकून घेता का राव? उद्या माणूस पाठवतो, सेटिंग फ्रीमध्ये बदलून देतो."

फ्रीमध्ये!

गिऱ्हाईक माझ्याकडे पातळ पत्रा मागतं, तेव्हा मी तोंडावर सांगतो, भार आला की वाकेल. नाही ऐकलं तर लिहून देतो. माल पास करायचा तर ट्रायल त्यांच्या कारखान्यात देतो, माझ्या शेडमध्ये नाही. याच्याकडून मी माझ्या जागेवर ट्रायल मागितली नाही. दराच्या नादात विसरलो. ती चूक माझी, कबूल. पण त्याला माहीत होतं. त्याच्या ऑफिसातल्या जाड लाइनवर सगळंच गोड चालतं, आणि माझ्याकडे काय होणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो बोलला नाही, कारण बोलला असता तर कॅमेरा खपला नसता.

सेटिंग मी त्याच संध्याकाळी नेटवाल्याकडून बदलून घेतली. मला त्याचा माणूस नको, तो स्वतः पाहिजे. ऐक रे कॅमेरेवाल्या, निघोज्याला ये. मी त्या चौघांना बोलावतो. बंद प्रेसपाशी उभा राहा आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांग, त्यांचं काम कुणी घालवलं. कधी येतोस, तेवढं बोल.