वकीलसाबांचा नंबर

आठ जुलै २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात मी एका खोक्याची बर्स्टिंग टेस्ट घेत होते. पुठ्ठा किती दाबाला फाटतो हे मोजणारे ते साधे यंत्र आहे. काटा वर चढत असतानाच बँकेतून फोन आला.

"मॅडम, आपके करंट अकाउंट पे जीएसटी विभाग का लेटर आया है. साढ़े बारह लाख होल्ड कर दिए हैं. सर को बता दीजिए."

"किस बात के साढ़े बारह लाख? हमें तो कोई नोटिस ही नहीं मिला."

"वो आप पोर्टल पे देखिए. हमारे पास तो सीधे वसूली का लेटर है."

मागे पुठ्ठा फाटल्याचा आवाज झाला. रीडिंग घ्यायचे राहून गेले.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केले. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये दोन वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला आणि मग या कारखान्यात क्वालिटीचे काम पाहायला आले. आम्ही नमकीनवाल्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मालक अरविंद मुळ्ये. त्यांचे वडील आणि माझे आजोबा एकाच कापड गिरणीत होते, त्यामुळे मी त्यांना काका म्हणते; बाकी सगळा परदेशीपुरा त्यांना 'मुळ्ये भिया' म्हणतो. बँकेने अडकवलेला पैसा साधा नव्हता. नव्या ऑटोमॅटिक मशीनसाठी कर्ज मंजूर झाले होते आणि त्यात आमचा हिस्सा म्हणून भरायचे चौदा लाख त्या खात्यात जमवलेले होते. मशीन आले की सांवेरच्या रस्त्यावर दुसरे युनिट निघणार होते, आणि त्याची प्लँट इन-चार्ज मी होणार होते. लेआउट मीच काढला होता. टेस्टिंग लॅबची खिडकी उत्तरेला ठेवली होती.

इंदूरमध्ये कराचे काम पाहणाऱ्या माणसाला वकीलसाब म्हणतात, मग त्याने कायद्याचे पुस्तक उघडलेले असो वा नसो. आमचे वकीलसाब म्हणजे व्यासजी. बी.कॉम. होते, सेल्स टॅक्सच्या काळापासून काकांचे काम बघत. जीएसटी आला तेव्हा नोंदणी त्यांनीच केली आणि या गावाच्या रिवाजाप्रमाणे मोबाइल आणि ईमेल स्वतःचेच टाकले. रिटर्न भरताना सहीऐवजी एक ओटीपी लागतो, सहा आकड्यांचा. दर वेळी व्यापाऱ्याला फोन करून तो विचारत बसण्यापेक्षा आपल्याच फोनवर आलेला बरा, एवढाच हिशेब. इथे निम्म्या फर्मांचे असेच आहे.

आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्यासजींना पॅरालिसिसचा झटका आला. काम त्यांच्या ऑफिसातला सोनू नावाचा क्लार्क पाहू लागला. व्यासजींचा फोन मात्र त्यांच्या पत्नीकडे, व्यासभाभींकडे. सोनूने रिटर्न तयार केले की काका भाभींना फोन लावत आणि भाभी दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून आकडे वाचून दाखवत.

मी तेव्हाच म्हटले होते, "काका, नंबर बदलून घेऊ या. दहा मिनिटांचं काम आहे."

"अगं, बीमार माणसाचा नंबर काढायचा? उद्या वकीलसाब घरी आले तर म्हणतील, मुळ्येने तो मुझे पहले ही निपटा दिया."

मार्चमध्ये वकीलसाब गेले. तेराव्यानंतर मी पुन्हा विषय काढला.

"थोडं थांब गं. भाभींना बरं वाटतं. महिन्यातून दोनदा कोणी तरी त्या फोनवर फोन करतं."

"काका, आपण फर्म चालवतो."

"तेच तर चालवतोय," असे म्हणून ते गोडाऊनकडे निघून गेले.

त्या दिवशी बँकेचा फोन आल्यावर मी सोनूकडून पासवर्ड घेतला आणि प्रथमच आमच्या फर्मचे पोर्टल स्वतः उघडले. नोटिसांच्या पहिल्या टॅबमध्ये काहीच नव्हते. खाली 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' नावाची दुसरी खिडकी आहे. तिच्यात तिन्ही कागद होते : नोव्हेंबरमधली कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणीची तारीख, मग फेब्रुवारीतला आदेश. कोणी उत्तर दिले नाही, कोणी हजर राहिले नाही, म्हणून अधिकाऱ्याने समोरच्या कागदावरून निर्णय दिला होता. कर सहा लाख चाळीस हजार. व्याज आणि दंड धरून साडेबारा लाख.

"सोनू, तुमने ये वाली टॅब कभी खोली नहीं?"

"दीदी, नोटिस तो साब के मेल पे आते थे. मेल का पासवर्ड साब के साथ ही गया."

प्रकरण काय होते? पहिल्या लॉकडाऊनमध्ये एका नमकीन कंपनीने आमची खोकी न वापरता परत पाठवली होती. माल परत आला की विक्री कमी होते आणि त्यावरचा करही. तेवढा कर आम्ही कमी भरला, ते बरोबरच होते. पण परतीची नोंद, म्हणजे क्रेडिट नोट, विक्रीच्या रिटर्नमध्ये चढवायची राहून गेली. त्यामुळे विभागाच्या कॉम्प्युटरला एका रकान्यात विक्री जास्त दिसली आणि दुसऱ्यात कर कमी. सरकार म्हणत होते, फरक भरा. विचारणे चुकीचे नव्हते. उत्तरही सोपे होते. कंपनीचे पत्र, परतीचे गेट पास, आमच्या क्रेडिट नोटा, सगळे फायलीत होते. मी दुपारपर्यंत जवाब तयार केला. पाच पाने, चार जोडपत्रे. शाळेत असते तर पूर्ण गुण मिळाले असते.

पण आदेशाविरुद्ध अपील तीन महिन्यांत करायचे असते. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना मिळतो. त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. ती मुदत जूनमध्येच संपली होती. उरले फक्त हायकोर्ट.

हायकोर्टाच्या वकीलबाईंनी फोनवर सगळे ऐकून घेतले.

"पोर्टलवर टाकलं म्हणजे तुम्हाला मिळालं, असंच विभाग म्हणणार. शिवाय नोंदलेल्या मोबाइलवर मेसेजही गेला असेल. तो फोन बंद होता का?"

"नाही. दर महिन्याला त्याच फोनवरच्या ओटीपीने आमची रिटर्नं भरली गेली."

"मग तर झालंच! फोन चालू होता, कोणी तरी वाचत होतं. ते कोण आणि त्यांनी नोटिशीबद्दल का नाही सांगितलं, हे त्या व्यक्तीच्याच शपथपत्रावर हवं. त्याला दवाखान्याचे कागद जोडा. एवढं आणा, मी उभी राहते."

मी काकांपुढे कागदावर गणित मांडले. खर्च सुमारे एक लाख. माझ्या अंदाजाने दहात सहा वेळा आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा ऐकले जाईल, आणि एकदा ऐकले गेले की कागद आमच्याच बाजूचे. काकांनी दोनदा वाचले. "ठीक आहे," म्हणाले, "भाभींकडे जाऊ."

व्यासभाभींनी आम्हाला बैठकीत बसवले. चहा झाला. काका मुद्द्यावर येईनात, म्हणून मीच म्हटले, "भाभीजी, साब का फोन एक बार देखना था."

त्यांनी फोन लगेच आणला. चार्ज केलेला, काच पुसलेली. वॉलपेपरवर वकीलसाब, ओंकारेश्वरच्या घाटावर.

"देख लो बेटा. एक भी मैसेज डिलीट नहीं किया मैंने. सब इनके काम के हैं. आप लोगों का फोन आता है न, तो लगता है ऑफिस चल रहा है." मग हसून म्हणाल्या, "अब तो मैं भी आधी वकील हो गई. भाईसाब ने कहा था, छह आँकड़े वाला बताना. मैं वही ढूँढती हूँ, बाकी को हाथ नहीं लगाती."

मी मेसेज खाली सरकवत गेले. नोव्हेंबरमधला होता. दोन औषधांच्या बिलांच्या मध्ये. आमच्या फर्मचा नंबर, 'नोटीस जारी' हे शब्द. फेब्रुवारीतलाही होता.

मी मान वर केली. काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नकारार्थी मान अगदी थोडी हलवली.

"कुछ गड़बड़ है क्या?" भाभींनी विचारले. "मुझसे कुछ छूट गया?"

"नहीं भाभी," काका म्हणाले, "ये बच्ची साइंस वाली है, इसको हर चीज़ चेक करनी होती है."

त्या हसल्या. मी फोन टीपॉयवर पालथा ठेवला. शपथपत्राचा मसुदा माझ्या बॅगेतच राहिला.

खाली गाडीत बसल्यावर मी गप्प राहू शकले नाही.

"काका, त्यांच्यावर कोणी केस करणार नाहीये. फक्त खरं लिहायचंय."

"काय लिहिशील? की ती बाई नवऱ्याच्या उशाशी बसून आपल्याला आकडे वाचून दाखवत होती, आणि त्यामुळे आपण बुडालो?"

"तिच्यामुळे नाही, असंच लिहू."

"आणि तिला ते समजणार नाही? तू शहाणी आहेस, पण अशी कशी गं?"

"दुसऱ्या युनिटचं काय?"

त्यांनी गाडी सुरू केली. "मला माहितेय, ते तुझं होतं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात बँकेने साडेबारा लाख सरकारकडे भरले. न लागणारा कर, त्यावरचे व्याज आणि त्याचा दंड. पगार काकांनी उसनवारी करून दहा तारखेलाच केले. मशीनचे बुकिंग रद्द झाले, ॲडव्हान्समधली थोडी रक्कम विक्रेत्याने कापून घेतली. लेआउटचा कागद काही दिवस माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. मग तिथे डिस्पॅचचे वेळापत्रक आले.

आज विचार केला तरी माझे गणित मला चुकीचे वाटत नाही. कोर्टात जायला हवे होते, असेच मी म्हणेन. त्या बैठकीत मी शपथपत्र बाहेर काढू शकले नसते, हेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी कशी टिकतात, ते मला अजून सोडवता आलेले नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की दहा मिनिटांचे एक काम आम्ही भल्या मनाने पुढे ढकलत राहिलो, आणि त्या भलेपणाला पोर्टलवर रकाना नव्हता.

व्यापार करणाऱ्यांसाठी सांगण्यासारखे थोडेच आहे. नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल स्वतःचा ठेवा. पासवर्ड स्वतःला माहीत हवा. पोर्टलवरच्या दोन्ही खिडक्या दर सोमवारी उघडा. सल्लागाराशी संबंध कितीही जुने असोत, हे आधी करा. तो धडधाकट असतानाच करा, म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही.

ऑगस्टमध्ये मी नंबर बदलला. त्या बदलावर सही म्हणून जुन्या मोबाइलवर शेवटचा एक ओटीपी येतो. काकांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"भाभीजी, एक नंबर आया होगा."

"रुको बेटा, चश्मा लगा लूँ." पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. "हाँ, आ गया. छह ही आँकड़े हैं. अगले महीने भी इसी टाइम करोगी न?"

काका यंत्राकडे बघत उभे होते. मी म्हटले, "जी, फोन करूँगी."

"अच्छा, तो लिखो."

समोर टेस्टसाठी कापलेला पुठ्ठा पडला होता. मी त्यावर लिहून घेतले : ४१९०७२.