मिलोशचा शुक्रवार

मिलोश गेल्याची बातमी मला क्लिनिकमध्ये मिळाली, सकाळी दहाच्या सुमारास. एका आजोबांच्या गुडघ्याला शेक लावून ठेवला होता, पाच मिनिटं मोकळी होती, म्हणून फोन बघितला. सर्बियाहून त्याच्या बहिणीचा, मिलित्साचा मेसेज होता. साध्या इंग्रजीत तीन ओळी. काल दुपारी जेवण झाल्यावर तो अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली आडवा झाला, झोप लागली, आणि हाक मारायला गेले तर उठला नाही. तुम्हाला कळवावं असं आई म्हणाली... मी फोन खाली ठेवला, आजोबांचा शेक काढला आणि त्यांचा व्यायाम करून घेतला. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. खिडकीबाहेर जुलैची पांढुरकी, दमट हवा साचली होती आणि समोरची इमारत पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसत होती. सव्वीस वर्षांचा होता तो.

या पुरवणीच्या वाचकांनी त्याचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. मिलोश फुटबॉलचा गोलकीपर होता. मी मूळची वसईची, फिजिओथेरपिस्ट, वीस वर्षं इथे शारजात अल मजाजला राहते. पाच वर्षांपूर्वी अजमानमधल्या एका छोट्या क्लबात नोकरीला होते, तिथे तो आला. जानेवारीची सकाळ होती. त्या दिवसांत इथे असं धुकं पडतं की रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा स्वप्नातल्यासारख्या हळू चालतात. मी मैदानाच्या कडेला उभी होते. माणूस दिसत नव्हता. दोन पिवळे ग्लोव्ह्ज तेवढे हवेत वर जात होते, खाली येत होते, आणि मधूनच चेंडू हातात बसल्याचा मऊ आवाज येत होता. मग धुक्यातून एक उंच, किडकिडीत पोरगा बाहेर आला आणि मला म्हणाला, "गुड मॉर्निंग, डॉक्टर." मी डॉक्टर नाही, असं सांगितलं. त्याने जरा विचार केला. "मग तेता," म्हणाला. त्यांच्या भाषेत तेता म्हणजे मावशी. त्या दिवसापासून मी तेता झाले ती झालेच.

नदीकाठच्या एका लहान गावातला तो. नऊ वर्षांचा असताना वर्गात सगळ्यांत उंच म्हणून त्याला गोलमध्ये उभं केलं, आणि तो तिथून हललाच नाही. शाळेचा संघ, मग जिल्ह्याचा, मग तिकडच्या दुसऱ्या फळीतल्या एका क्लबात दोन वर्षं. तिथून एका एजंटाने त्याला आखातात पाठवलं, आणि आमच्या क्लबात तो तिसरा गोलकीपर झाला. तिसऱ्या गोलकीपरने सराव सगळा करायचा असतो, सामना एकही खेळायचा नसतो. माझ्या टेबलावर खांदा सैल करून घेताना तो डोळे मिटून गावच्या नदीबद्दल बोलायचा. वडील पहाटे होडीतून मासेमारीला न्यायचे, धुक्यात काठ दिसेनासा व्हायचा, आणि गळ टाकून तासन् तास नुसतं बघत बसायचं... मी एकदा विचारलं, "बेंचवर बसून कंटाळा नाही येत रे?" तो म्हणाला, "गोलकीपरचं काम बघत राहणं हेच असतं, तेता. मी तेच करतो. फक्त जरा लांबून."

दुसऱ्या वर्षी त्याची वेळ आली. पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला, दुसऱ्याला लाल कार्ड मिळालं, आणि कोचने रविवारी मिलोशला सांगितलं की येत्या शुक्रवारी तू खेळणार. ते दोन दिवस तो जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होता. आई आणि मिलित्सा कॉम्प्युटरवर सामना बघणार होत्या, शेजारपाजारचे त्यांच्या घरी जमणार होते. मंगळवारी तो खांदा दाखवायला आला. मी एका हाताने त्याची मान धरून ठेवली होती, आणि माझ्या बोटांखाली त्याची नाडी चालता चालता थांबली. मग दोनदा घाईघाईने पडली. मग पुन्हा थांबली. मी मनगट धरलं. तिथेही तेच.

"कधी चक्कर येते?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "सरावात दोनदा डोळ्यांपुढे अंधार आला. उन्हामुळे असेल."

"मला डॉक्टरांना सांगावं लागेल, मिलोश."

तो उठून बसला. माझे दोन्ही हात त्याने धरले. त्याची बोटं जागोजागी मोडून पुन्हा जुळलेली होती. "शनिवारी सांग," तो म्हणाला. "प्लीज, तेता. शनिवारी मी स्वतः येतो. फक्त शुक्रवार जाऊ दे."

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मला आजही नक्की सांगता येणार नाही. तो होय समजला. आणि तो खोलीबाहेर पडल्यावर मी आमच्या इजिप्शियन डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

क्लबात घेतानाच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. या वेळी सापडलं. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. धावता धावता, झेप घेताना, कधीही काहीही होऊ शकलं असतं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, हबीबी," म्हणाले. खेळणं संपलं, बाळा. मिलोश माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, तो नंतर आला. आपण कुठे आलो आहोत हे न कळलेल्या माणसासारखा तो बघत होता. शुक्रवारी गोलमध्ये ज्युनिअर संघातला एक मुलगा उभा राहिला. मिलोश प्रेक्षकांत बसला होता, एकटा, वरच्या रांगेत. हातात ग्लोव्ह्ज घातलेले होते. नव्वद मिनिटं त्याने ते काढले नाहीत.

त्यानंतर आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. त्याचा क्लब सुटला, मीही पुढे ती नोकरी सोडून क्लिनिकमध्ये आले. तो गावी परत गेला असेल असं मी धरून चालले होते. मग माझी मुलगी एलिशा शाळेच्या संघात गोलकीपर झाली आणि एक दिवस गाडीत बसता बसता म्हणाली, "मम्मा, द न्यू कोच इज सो स्ट्रिक्ट. ही जस्ट स्टँड्स देअर अँड सीज एव्हरीथिंग." पुढच्या गुरुवारी मी तिला आणायला गेले आणि तो दिसला. पाय रोवून, हात पाठीमागे बांधून, मुलींना कसं पडायचं ते तोंडाने सांगत होता. स्वतः झेप घ्यायची त्याला मनाई होती. मला गाडीतून उतरायचा धीर होईना. सराव संपल्यावर तोच चालत आला. त्याने खिडकीतून हात आत घातला आणि मनगट माझ्यापुढे धरलं. मी नाडी मोजली. पूर्ण एक मिनिट. पलीकडे मुली आरडाओरडा करत होत्या, संध्याकाळचं ऊन पिवळं पडत चाललं होतं, आणि आम्ही दोघं त्या एका मिनिटात कुठेतरी खोल, शांत जागी होतो... "ठीक आहे," मी म्हणाले. "यल्ला, नेक्स्ट थर्सडे," तो म्हणाला आणि गेला.

पुढे तो घरचाच झाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचा तेवढाच. नाताळाला मी आमच्या वसईचे फुगे, मैद्याचे गोल गोळे, तळायचे, ते तो गरम गरम परातीतूनच उचलायचा. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ जानेवारीत, तेव्हा त्याच्यासाठी पुन्हा तळायचे. फुगा हातात घेऊन आधी हवेत उडवायचा, झेलायचा आणि मग खायचा. एकदा खालिद लगूनच्या काठाने आम्ही चालत होतो, पाण्यात टॉवरचे दिवे नुकते उतरायला लागले होते. मी धीर करून विचारलं, "राग गेला का रे?" त्याने एक खडा पाण्यात टाकला. "नाही," म्हणाला. "पण राग धरायला मी आहे अजून, तेता."

तो गेल्याला आता पाच आठवडे झाले. मागच्या शनिवारी मिलित्साचा फोन आला. आधी आईच्या तब्येतीचं बोलली, मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी गावात सामना होता. नदीच्या अलीकडचे विरुद्ध पलीकडचे, सणाचा असतो दरवर्षी. तो गोलमध्ये उभा होता. दर उन्हाळ्यात उभा राहायचा. म्हणायचा, डॉक्टरांनी एवढी परवानगी दिली आहे, तेतालाही माहीत आहे." मग तिचा आवाज बारीक झाला. "दिली होती ना? आई रोज विचारते. आम्ही त्याला अडवायला हवं होतं का?"

मला काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं दर गुरुवारी मनगट पुढे करणारा हा मुलगा तीन उन्हाळे माझ्यापासून हे लपवून होता. संताप आला मला, खरंच आला. तो समोर असता तर मी त्याला फटका मारला असता. पण तो नव्हता, आणि पलीकडे त्याची बहीण उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले. "दिली होती. थोडं चालेल म्हणाले होते."

ती रडायला लागली. हे मी मराठीत लिहिते आहे म्हणूनच लिहू शकते. त्याच्या आईपर्यंत ते कधी पोचणार नाही. तेव्हा सांगितलं ते योग्य होतं की आता सांगितलं ते, याचा विचार मी रोज करते आणि रोज वेगळं उत्तर येतं. ती शांत झाल्यावर मी तिला विचारलं, "किती गोल झाले त्याच्यावर?"

"एकही नाही," ती म्हणाली.

फोन ठेवून मी एलिशाच्या खोलीत गेले. ती अभ्यास करत होती. तिला सगळं सांगितलं, सामन्याचंही, त्याच्यावर एकही गोल झाला नाही हेही. तिने वहीतून डोकं वर केलं नाही, पेन मात्र थांबलं.

"ऑफ कोर्स नॉट, मम्मा," ती म्हणाली.