दाढ काढण्याआधी गुडघ्याची चौकशी

मागच्या वर्षी आईची दाढ काढायला मी तिला जळगाव जामोदहून मलकापूरला नेलं. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं ऑपरेशन झालंय का?" आई नाही म्हणाली. मी सांगितलं, "गुडघा बदललाय. शुगरही आहे."

आई चिडली. "दाढ दुखून राह्यली, अन् तू गुडघ्याचं काऊन सांगून राह्यला?"

डॉक्टर म्हणाले, "काकू, दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात. क्वचित नव्या गुडघ्यातही जाऊन बसतात. सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत, पण तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारू." फोन झाला. आधी अँटिबायोटिक घ्यायचं आणि तासाभरानं दाढ काढायची, असं ठरलं.

गोळ्या घेऊन आई बाहेर बाकावर बसली आणि शेजारच्या आजींना म्हणाली, "तुमचा गुडघा देवाचा हाय का डाक्टरचा?"

"डाक्टरचा."

"मंग आत सांगतलं का?"

"दाताच्या दवाखान्यात गुडघ्याचं काय सांगू?"

आईनं त्यांना जंतूंचा सगळा प्रवास समजावला. आजी नंबर नसतानाच आत गेल्या.

तासाभरानं आईची दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून परतीच्या बसमध्ये तिनं शेजारणीला गाल आणि गुडघा आळीपाळीनं दाखवून काम भागवलं.