नाई म्हणणारे मामा

धानोऱ्याच्या जंगलात नुसत्या ‘नाई’वर अख्खं गाव सुखी ठेवणारा माणूस एकच, माझ्या बायकोचे मामा. त्यांच्या गावाची ग्रामसभा एकाचाही नकार असला तर निर्णय घेत नाही, आणि मामांचा नकार जन्मजात. तेंदूपानाचा ठेकेदार भाव सांगायचा, सगळे माना डोलवायचे, मामा म्हणायचे, “नाई. घाई काऊन करून राह्यले?” सभा पुढे ढकलली जायची, तोवर दुसरा ठेकेदार यायचा आणि पहिला घाबरून भाव वाढवायचा. नाल्यापलीकडच्या गावात जंगल तेच, माती तीच. पण माणसं भारी समजूतदार. एका चहात सौदा उरकायचे आणि वर्षभर कपाळ बडवत बसायचे. शेवटी त्यांनी मामांना एका सभेपुरतं उसनं मागितलं. मामा अर्थातच नाही म्हणाले. तरी त्यांना बैलबंडीत घालून नेलं. तिथे त्यांनी सतरंजीपासूनच हरकती घेतल्या, आणि त्या गावाला पहिल्यांदा बरा भाव मिळाला. आभाराचा कोंबडाही मामांनी नाकारला, तर तो बंडीमागून चालत घरी आला.

घरीही तेच. चहा? नाई. भात? नाई. मामी काही न ऐकता वाढायच्या आणि मामा मुकाट जेवायचे. सारा संसार असाच झाला.

गेल्या वर्षी मामी गेल्या. यंदा बांबूच्या सौद्याला मी गावातच होतो. ठेकेदाराने मातीमोल भाव सांगितला. मामा आहेतच म्हणून सगळ्यांनी बिनघोर माना डोलवल्या. मामा म्हणाले, “हो.”

सभेला घाम फुटला. गावतळं बुजवायचं का, असं कुणीतरी घाबरून विचारून पाहिलं, त्यालाही ते हो म्हणाले. सरपंचबाईंनी पोटदुखीचं निमित्त काढून सभा उद्यावर टाकली आणि मला घेऊन मामांचं घर गाठलं. “मामाजी, हो काऊन म्हनले?”

मामा थंड चुलीकडे पाहत होते. “मी नाई म्हनलो का बुढी वाढे. आता नाई म्हनलो त उपाशीच राह्यतो, बाई. म्हून सवय मोडून राह्यलो.”

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत सरपंचबाईंनी स्वतः चहा आणला. “मामाजी, तुमी नाई म्हना. वाढाले आमी हाओ.” मामा कपाकडे पाहत हळूच म्हणाले, “नाई.” बाईंनी कप त्यांच्या हातात दिला. त्यानंतर ठेकेदाराने भाव सांगितला, त्यालाही मामा नाई म्हणाले, आणि सगळ्या सभेने सुटकेचा निःश्वास टाकला.

गडबडीत बाई चहात साखर घालायला विसरल्या होत्या. मामांनी एवढ्या एका गोष्टीला मात्र हरकत घेतली नाही.